वस्तू आपल्या आहेत हो, पण आज कुणाकडं आहेत?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दरवर्षी मे संपत आला की पेपरात एक फोटो हमखास येतो आणि मी तो दरवर्षी चष्मा पुसून बघतो. कृष्णेच्या घाटावर बोटी ओळीनं मांडल्यात, लाइफ जॅकेटचा ढीग, दोरखंडाची वेटोळी, मागं माणसं उभी, आणि खाली एक ओळ, पूर आला तर यंत्रणा सज्ज. फोटोबद्दल माझी तक्रार नाही, वस्तू खऱ्याच असतात. पण फोटो काढून झाला की त्या जातात कुठं, हे कधी छापून येत नाही. आणि हे मी कुठल्या सरकारी खात्याला टोमणा मारायला लिहीत नाही, आमच्या स्वतःच्या गल्लीतल्या मंडळाचंच सांगतोय, कारण झाकून ठेवून उपयोग नाही, आणि मला माहिती आहे की सांगली-मिरजेतली निम्मी मंडळं, तालमी, शाळा, पतसंस्था वाचताना गालात हसणार आहेत.

आधी मी कोण ते सांगतो. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी ३१ वर्षं स्टोअर सांभाळलं. शिक्षण फार नाही, पण कुठली वस्तू कुठनं आली नि कुठं गेली हे झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगायचो. आमच्या टूल रूमला जुनी पद्धत होती, पुढं कॉम्प्युटर आला तरी मला अजून तीच पटते. प्रत्येक कामगाराला त्याचा नंबर ठोकलेले पाच पितळी बिल्ले मिळायचे, आम्ही टोकन म्हणायचो. मायक्रोमीटर पाहिजे? टोकन दे, मायक्रोमीटर ने. ते टोकन मी मायक्रोमीटरच्या रिकाम्या खुंटीला अडकवायचो. शिफ्ट सुटताना बोर्डाकडं नुसती नजर टाकली की कळायचं, जिथं पितळ चमकतंय तिथली वस्तू बाहेर आहे आणि ती कुणाकडं आहे ते त्या पितळावरच लिहिलंय. पाच टोकनं संपली की सहावी वस्तू मिळणार नाही, मग तो फोरमन असू दे नाहीतर मालकाचा मेव्हणा. आणि नोकरी सोडताना पाचच्या पाच टोकनं जमा केल्याशिवाय फायनल हिशेब निघायचा नाही, त्यापायी एक जण घरातली जुनी ट्रंक उलथीपालथी करून चौथ्या दिवशी टोकन घेऊन आलेला मी बघितलाय.

गेटच्या बाहेर जाणाऱ्या वस्तूचं वेगळं. त्याला गेटपास, आणि गेटपासाच्या दोन जाती, एक परत येणाऱ्या मालाचा नि एक परत न येणाऱ्या मालाचा. परत येणाऱ्याच्या पासवर तारीख नसली तर वॉचमन गाडी सोडायचा नाही. जीएसटी आल्यावर तर सरकारनंच तारीख ठरवून दिली. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्याकडनं काम करून घ्यायला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि मशिनरी ३ वर्षांत परत आली नाही, तर ज्या दिवशी पाठवली त्याच दिवशी विकली असं धरून टॅक्स लावतात. (डाय, मोल्ड, जिग, फिक्श्चर असल्या साच्या-पकडीच्या सामानाला त्यातनं सूट आहे, पण ते असू दे.) म्हणजे सरकारचं म्हणणं असं की उसनं दिलेलं फार दिवस आलं नाही तर त्याला उसनं म्हणायचं नाही. मला हे लई पटलं होतं.

रिटायर झालो आणि चारच महिन्यांत मंडळाच्या पोरांनी खोलीची किल्ली आणून हातात दिली, काका तुम्ही स्टोअरचे माणूस, आता साहित्य प्रमुख तुम्हीच. मला वाटलं काय असणार त्यात, गणपतीची मखरं आणि दोन सतरंज्या. पण आमच्या मंडळाकडं बरंच काही होतं, सगळं २०१९ च्या पुरानंतर आलेलं. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे, बाकी सांगलीकराला सांगायला नको. ब्रह्मनाळ गावातल्या माणसांना बाहेर काढणारी बोट त्याच पुरात उलटली, माणसं बुडाली, आणि त्यानंतर लाइफ जॅकेट हा शब्द आमच्याकडं म्हाताऱ्या बायकांच्या पण तोंडात बसला. पुण्या-मुंबईच्या लोकांनी, गावाबाहेर गेलेल्या आपल्याच पोरांनी भरभरून पाठवलं. ४० लाइफ जॅकेट, चार मोठे दोरखंड, ५ एचपीचा डिझेल पंप, छोटा जनरेटर, मेगाफोन, स्ट्रेचर, १४ ताडपत्र्या, चार्जिंगच्या बॅटऱ्या, शिवाय अन्नछत्राची पातेली नि ताटं.

मंडळाचं डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे कायमच्या वस्तूंची नोंदवही, बघून मी खूश झालो. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडाची पाठ, खरेदीची तारीख, बिल नंबर, देणगीदाराचं नाव, नग, किंमत, शिल्लक. लाइफ जॅकेट ४०, शिल्लक ४०. दर ३१ मार्चला खाली सह्या, ऑडिटरचा गोल शिक्का. म्हटलं इथं मला करायला काय कामच नाही.

मग जुलै आला. पाऊस काय हटेना, कोयनेतनं विसर्ग वाढवल्याच्या बातम्या, मोबाइलवर तासातासाला आयर्विनची पातळी, ३१, ३३, ३४ आणि एक इंच. ४० ला इशारा पातळी. आमच्या गल्लीतल्या खालच्या अंगाच्या घरांना त्याच्या आधीच घाम फुटतो. रात्री नऊच्या सुमाराला मी, सेक्रेटरी आणि चार पोरं खोली उघडायला गेलो. लाइफ जॅकेट निघाली ११. दोरखंड एक, तो पण मधनं कापलेला. ताडपत्र्या ३. पंप नाही. मेगाफोन नाही, त्याचा चार्जर मात्र भिंतीला लावलेला, लाल दिवा लागलेला, कधीपासनं लागलेला देव जाणे. मी रजिस्टर परत उघडून बघितलं, शिल्लक ४०. बिल्ल्याच्या बोर्डापुढं ३१ वर्षं उभा राहिलेला माणूस मी, आणि त्या रात्री मला काय बोलावं ते सुचलं नाही.

रात्री साडेअकरापर्यंत फोन चालू. बारा जॅकेट पोरांनी ट्रिपला नेलेली, कोयनेच्या बॅकवॉटरला, तापोळ्याकडं, ती परत आली होती पण वेगवेगळ्या घरी उतरली. सहा एका सभासदाच्या गाडीच्या डिकीत, तो म्हणाला काका मी विसरलोच होतो, आत्ता आणतो, आणि आणली बिचाऱ्यानं पावसातनं. ताडपत्र्या हळदीच्या ढिगावर घालायला, नाहीतर बेदाण्याच्या शेडवर. आमच्याकडं ताडपत्रीला तिसरा उपयोगच नाही, आणि शेतकऱ्याचा माल भिजत असताना नाही म्हणायला जीभ कशी उचलणार. मेगाफोन कुठल्याशा निवडणुकीला गेला होता एवढंच सगळ्यांना आठवत होतं. निवडणूक कुठली, यावर दोघांचं भांडण लागलं, एक म्हणाला सोसायटीची, दुसरा म्हणाला ग्रामपंचायतीची.

पंपाची गोष्ट तर कीर्तनात सांगावी अशी. आधीच्या सेक्रेटरींनी तो डिग्रजला मेव्हण्याला दिला, विहिरीतलं गढूळ पाणी उपसायला. मेव्हण्याचं काम झालं, त्यानं बांधाशेजारच्याला दिला. तिथं फूटव्हॉल्व गेला म्हणून त्यानं माधवनगर रोडच्या एका फिटरकडं टाकला आणि विसरला. फिटर म्हणाला सात महिने कुणी न्यायला आलं नाही, दुरुस्तीचे पैसे कोण देणार, म्हणून मी एका बिल्डिंगच्या तळघरात पाणी साठलं होतं तिथं भाड्यानं लावलाय. आता या चौघांत चोर कोण, सांगा बरं. सेक्रेटरींनी ओळखीच्या माणसाला दिला, मेव्हण्यानं शेजारधर्म पाळला, शेजाऱ्यानं दुरुस्त करायला टाकला, फिटरनं आपला पैसा वसूल केला. पंप सगळ्यांकडं होता आणि मंडळाकडं नव्हता.

त्या साली पाणी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलं नाही, हे नशीब. पण मला रात्रभर झोप नाही लागली. डोक्यात एकच, रजिस्टर खोटं नव्हतं. ४० जॅकेट आपलीच होती, पंप पण आपलाच होता. वस्तू आपली आहे का, याचं उत्तर ते रजिस्टर बरोबर देत होतं. वस्तू आज रात्री कुठं आहे, हे त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं, तसा रकानाच नव्हता त्यात. आणि ३१ मार्चच्या सह्या पण खोट्या नव्हत्या, खोलीत न जाता केलेल्या होत्या एवढंच.

मग मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. दोनशे पानी वही घेतली, तिला सुतळीनं पेन बांधलं (पहिली तीन पेनं सुतळीसकट गेली, पेन ही वस्तू कुठल्याच रजिस्टरला जुमानत नाही). प्रत्येक वस्तूवर ऑइल पेंटनं नंबर टाकला. चाळीस जॅकेटांना चाळीस वेगळे नंबर, कारण नुसतं "जॅकेट ६ नग" लिहिलं की परत येताना कुठले सहा आले कळत नाही, कुणाचं बक्कल तुटलं कळत नाही, मग ज्यानं तोडलं तो सुटतो नि ज्यानं नीट वापरलं त्याच्यावर संशय.

नाव लिहायचं ते माणसाचं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त भांडून करावी लागली. लोक सांगायचे, लिहा की काका, "युवक विभाग", लिहा "महिला मंडळ", लिहा "वरची गल्ली". युवक विभागाला मी फोन कुठं लावू? विभागाला ना दार ना मोबाइल. एक माणूस, त्याचं नाव, त्याचा नंबर, त्याची सही, आणि त्यानं ती वस्तू पुढं कुणाला दिली तरी जबाबदार तोच. परस्पर द्यायचं नाही, हा शब्द मी वहीच्या पुठ्ठ्यावर लाल स्केचपेननं लिहिलाय, परस्पर. आमच्या पंपाला त्या एका शब्दानं खाल्लं. दुसऱ्याला द्यायचंच असेल तर आधी आणून खोलीत टेका, वहीत रेघ मारून घ्या, मग दुसऱ्यानं सही करून न्यावं. पाच मिनिटांचं काम आहे पण लोकांना ते मरणाचं जड जातं.

परत यायची तारीख नसेल तर नोंद अर्धी. "काम झालं की आणतो" ही तारीख नाही. आमच्यात एक वकील सभासद आहेत, त्यांनी सांगितलं की १८७२ च्या करार कायद्यातच हे लिहिलंय, दुसऱ्याची वस्तू आपल्याकडं काही कामासाठी आली असेल तर त्याला निक्षेप म्हणतात, आणि मुदत संपली किंवा काम झालं की ती कुणी मागायची वाट न बघता परत करायची. मागायच्या आधी! दीडशे वर्षं झाली त्या कायद्याला आणि आमच्याकडं अजून मागणाराच ओशाळतो, नेणाऱ्याला काही नाही. आपलीच शिडी आणायला जाताना आपणच खाली मान घालून, वहिनी ते जरा काम होतं म्हणून आलो, असं म्हणतो का नाही?

शिडीवरनं आठवलं. वही सुरू करून पहिली यादी काढली, बाहेर काय काय आहे ते सगळ्यांना विचारून विचारून लिहिलं, आणि मासिक मीटिंगमध्ये वाचायला उभा राहिलो. तिसऱ्या ओळीला सेक्रेटरी हळूच म्हणाले, काका, ती ॲल्युमिनियमची शिडी राहिली. म्हटलं कुणाकडं आहे? म्हणाले तुमच्याकडं. पाच महिन्यांपूर्वी गच्चीच्या पत्र्याला म्हणून मीच नेली होती, जिन्याखाली उभी होती, मी रोज तिच्याशेजारनं चढत-उतरत होतो. सगळे जे हसले, ते आजपर्यंत हसतायत. पण खरं सांगू, त्या दिवशी माझं काम निम्मं सोपं झालं. पहिलं नाव साहित्य प्रमुखाचंच निघालं म्हटल्यावर बाकीच्यांना अपमान वाटायचं कारण राहिलं नाही. तरी एक ज्येष्ठ उठलेच, म्हणाले एवढी वर्षं मंडळ विश्वासावर चाललंय, आता आपल्याच माणसाची सही घ्यायची? त्यांना उत्तर माझ्याआधी खजिनदारांनी दिलं. आप्पा, तुम्ही वर्गणीचे ५१ रुपये देता तेव्हा पावती मागून घेता, तेव्हा माझ्यावर विश्वास नसतो का? आप्पा बसले खाली. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडनं दोन ताडपत्र्या आल्या, घडी घालून, धुऊन.

इथं एक कबूल करायला पाहिजे. सगळ्या सामानात एकच गोष्ट कधी हरवली नव्हती, अन्नछत्राची भांडी. ती महिला मंडळाकडं होती. १२० ताटं, तितक्याच वाट्या, पातेली, झारे, सगळ्यांवर मशीननं नाव घातलेलं, तारखेसकट, जसं आपल्याकडं लग्नातल्या आहेराच्या भांड्यावर घालतात तसं. बारशाला नेऊ दे नाहीतर तेराव्याला, देताना एक वहिनी मोजणार, नेणारी मोजणार, परत आल्यावर दोघी मिळून मोजणार, आणि एक चमचा जरी कमी आला तर नेणारीच्या घरी निरोप जाणार. कुणी त्यांना जीएसटी शिकवला नव्हता की टोकन सिस्टीम. आम्ही पुरुष मंडळी तोवर ४० शिल्लक ४० वर सह्या करत होतो.

पोरांनी मग मोबाइलवर आणायचं ठरवलं. गुगल शीट केली, प्रत्येक वस्तूला क्यूआर कोडचं स्टिकर, स्कॅन केलं की फॉर्म उघडणार. मी विरोध केला नाही, पोरं उत्साहानं करतात तर करू दे. पण पहिल्या पावसात जॅकेटवरची स्टिकरं भिजून गेली, पंपावरचं डिझेलनं विरघळलं, आणि निम्मे लोक म्हणायचे काका तुम्हीच भरा तेवढं. शेवटी काय झालं, नंबर ऑइल पेंटचाच राहिला, सही वहीतच, आणि रात्री एक पोरगी वहीच्या पानाचा फोटो बघून शीट भरते. शीटचा खरा उपयोग वेगळाच निघाला. वस्तू किती दिवस झाले बाहेर आहे ते ती आपोआप मोजते आणि तारीख उलटली की ओळ लाल होते. वहीत हे करायला मला दर रविवारी बोटं मोजत बसायला लागायचं.

या वहीतनं नि शीटमधनं निघतो तो रिपोर्ट, म्हणजे दुसरं काही नाही, महिन्याला एक पान. वर, किती वस्तू बाहेर. मग ज्यांची मुदत संपून आठवडा झाला त्या, महिना झाला त्या, तीन महिने झाले त्या. शेवटी मोडून आलेल्या. पहिल्या रविवारच्या मीटिंगला मोठ्यानं वाचायचं आणि खोलीच्या दारावर चिकटवायचं. ओरडायचं नाही, कारणं विचारायची नाहीत, टोमणा तर अजिबात नाही, नुसतं वाचायचं. पहिल्या महिन्यात मुदत उलटलेल्या २७ ओळी होत्या, पाचव्या महिन्यात ४. वाचायच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी खोलीपुढं जी लगबग असते ती बघायला या कधीतरी.

परत आलेली वस्तू नुसती मोजून चालत नाही, हे पण सांगतो. कारखान्यात एखादं गेज, म्हणजे माप तपासायचं हत्यार, कुणाकडं तरी पडून राहिलं की त्याच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे ते बरोबर मापतंय का हे तपासायची तारीख उलटायची, मग ऑडिटला आलेला माणूस विचारायचा की या गेजनं मापलेला माल बरोबर कशावरनं? जॅकेटचं पण तसंच. ओलं जॅकेट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत परत आलं की महिन्यात बुरशी, पट्टा कुजणार, बक्कल गंजणार, आणि वहीत मात्र "परत आले". म्हणून आता खोलीपुढं दोरी बांधलीय, वाळत घाला, बक्कल लावून-काढून दाखवा, मग रेघ. पंप आणला तर सुरू करून दाखवा. जनरेटर आणला तर टाकीत तेल किती ते काठी घालून बघायचं, कारण लग्नात रात्रभर चालवून कोरडा परत आणून टेकायचा आणि पुढच्यानं पेट्रोल पंपावर पळायचं, हे आमच्याकडं पूर्वी रीतसर चालायचं.

आणि हरवलं तर? वस्तू हरवतात हो. माणूस आहे. मोठ्या सरकारी नियमांत सुद्धा हे धरलंय. केंद्र सरकारचे २०१७ चे वित्तीय नियम आहेत, त्यात स्थिर मालमत्तेची वर्षातनं निदान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करा असं सांगितलंय, पण वाचनालयाच्या पुस्तकांबद्दल असं पण म्हटलंय की वर्षभरात दिलेल्या नि वाचलेल्या हजार पुस्तकांमागं पाच गेली तर ते वाजवी समजावं, फक्त त्यात लबाडी किंवा हलगर्जी नसली पाहिजे. मला हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडं उलटं होतं, हरवलं म्हणून सांगायची सोयच नव्हती, त्यामुळं ज्याच्याकडनं हरवलं तो मंडळातच यायचा बंद व्हायचा. वस्तू पण गेली आणि माणूस पण. आता तीन दिवसांत येऊन सांगितलं की "हरवले" असं लिहून सही, दंड नाही, जमेल तसं भरून द्या. आणि कमिटीनं सहा महिन्यांनी बसून त्याचं निर्लेखन करायचं, म्हणजे रजिस्टरातनं रीतसर कमी करायचं. आमची शिल्लक आता ४० नाही, ३७ आहे. हा आकडा सांगताना मला जेवढा अभिमान वाटतो तेवढा ४० चा कधी वाटला नव्हता.

आता तुमच्याकडं मागणं. नदीकाठच्या गावांत ग्रामपंचायतीकडं बोट आहे, कुठं तालमीकडं दोर आहेत, शाळेकडं स्ट्रेचर आहे, कुणाकडं पंप. ग्रामपंचायतीच्या नोंदवह्यांचे तर १ ते ३३ नमुने असतात, त्यातला १६ नंबर जडवस्तू आणि जंगम मालमत्तेचाच आहे, तो लिहिलेला पण असतो बऱ्याच ठिकाणी. पण त्याच्या शेजारी उसनवारीची वही आहे का? तुमचे बातमीदार मे महिन्यात फिरतात तेव्हा "किती बोटी" हा प्रश्न विचारतात, उत्तर येतं नि छापून होतं. त्यांना म्हणावं, एक प्रश्न जास्त विचारा, यातली आज बाहेर कुठली आहे, कुणाच्या नावावर, कधी येणार? ज्याच्याकडं वही असेल तो दोन मिनिटांत पान उघडून दाखवेल. ज्याच्याकडं नसेल तो तुम्हाला आधी चहा पाजेल. आणि मंडळांना, संस्थांना विनंती, ३१ मेच्या आधी एकदा सगळं आत बोलवा, हळद-बेदाणा झाकलेला असला तरी बोलवा, मोजा, सुरू करून बघा, आणि मग वाटलं तर परत द्या, सही घेऊन.

पत्र लांबलंय, कापायचं असेल तर माझी ओळख कापा, पण पंपाची गोष्ट ठेवा, त्या फिटरनं वाचायला पाहिजे, त्याचे दुरुस्तीचे पैसे आम्ही दिले पण भाड्याचा हिशेब अजून यायचाय.

आणि जाता जाता, मेगाफोन अजून आलेला नाही. पांढरा आहे, हँडलला निळी चिकटपट्टी गुंडाळलीय, आतल्या बाजूला ऑइल पेंटचा नंबर नाही कारण तो जाताना मी किल्ली घेतली नव्हती. सोसायटीच्या निवडणुकीला गेला असो नाहीतर ग्रामपंचायतीच्या, ज्यांच्याकडं असेल त्यांनी आणून द्यावा, कुणी काही विचारणार नाही. मी घरी नसलो तर खोलीची किल्ली शेजारच्या पिठाच्या गिरणीत असते. वहीत तेवढी सही करा, पेन बांधलेलं आहे, नसलं तर गिरणीवाल्याकडनं घ्या आणि त्याचं त्याला परत द्या.

आपला,
एका मंडळाचा साहित्य प्रमुख, सांगली